कोला कोणी फोडायचा

आमच्या खानदानात पहिली डॉक्टर माझी बहीण. सुई टोचणारी नाही, कादंबऱ्या वाचणारी. ही गोष्ट डेव्हन ॲव्हेन्यूवर मी इतक्यांना सांगितलीय की पार्किंगचा दंड लावायला येणारी बाईसुद्धा आधी "हाऊ इज द डॉक्टर?" विचारते, अन् मग दंड लावते.

तिचं नाव संघमित्रा, घरात मित्रा. मी ईश्वर, तिचा मोठा भाऊ. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या दमात. पण डेव्हनवर स्वतःची खाणावळ आहे, अन् तिथे जो सावजी रस्सा मिळतो तसा शिकागोत कोणी दुसऱ्याने करून दाखवावा, मी दुकानाची चावी त्याच्या हातात देतो. पंधरा वर्षांत कोणी चावी मागायला आलं नाही. मोठमोठे इंजिनियर येतात, पहिल्या घासाला डोळे पुसतात अन् दही मागतात. असो. गोष्ट मित्राची आहे.

आम्ही कामठीचे. बाप विडी कारखान्यात, पण गोष्टी सांगायला एक नंबर. राजा, राजपुत्र, लढाई, सगळं हातवारे करून सांगायचा. आम्ही बाकीची पोरं तोंड उघडं टाकून ऐकायचो. ही एवढीशी होती, फ्रॉकच्या खिशात चिंचोके. गोष्ट संपली की विचारायची, "बाबा, घोड्याची लीद कोण काढत होतं?"

बाप म्हणायचा, "असंल कोणी."

"त्याचं नाव काय?"

बापाला राजाच्या सात राण्यांची नावं पाठ, पण लीद काढणाऱ्याचं नाव त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मित्रा रुसून झोपायची. माझ्या मते हिची पीएचडी तेव्हाच सुरू झाली. विद्यापीठाला फक्त उशिरा कळलं.

पुढे ती स्कॉलरशिपवर शिकागोला आली. माझी बायको सोनल इथे नर्स, म्हणून मी आधीच आलेलो. विमानतळावरून आणताना मी विचारलं, "विषय कोणता घेतला?" मला वाटलं कॉम्प्युटर म्हणंल. म्हणाली, "इग्बो लोकांच्या कादंबऱ्या."

"ते कुठले?"

"नायजेरियातले, दादा. इंग्रज जायच्या सुमारास तिथल्या लेखकांनी लिहिलं. इंग्रज यायच्या आधी आमचं गाव कसं होतं, मग पाद्री आले, साहेब आले, कोर्ट आलं, अन् गाव कसं मोडलं."

मी गाडी चालवत राहिलो. कामठीहून निघून, समुद्र ओलांडून, बर्फात येऊन पोरगी वाचणार काय, तर गाव. बरं, तेही दुसऱ्याचं!

पण खोटं कशाला बोलू, मला त्या गोष्टी आवडायला लागल्या. रविवारी ती खाणावळीत यायची, मी कांदे चिरायचो अन् ती इंग्रजी पुस्तकातून वाचत वाचत मराठीत सांगायची. मी वाचत नाही, मी ऐकतो. वाचणारे लोक मधली पानं सोडतात, ऐकणाऱ्याला सगळं ऐकावं लागतं. त्या गावात रताळ्यासारखे मोठाले कंद पिकवतात, यॅम म्हणतात. ज्याची कोठारं भरलेली तो मोठा माणूस. पंचायत बसते, म्हातारे बोलतात, कुस्त्या होतात, राजा नाही की पोलीस नाही. गोऱ्या साहेबाला वाटतं हे रानटी. लेखक दाखवतो, रानटी तू, आमच्याकडे सगळं होतं. ऐकताना मी सुरी आपटून म्हणायचो, "वा रे पठ्ठे!"

मग एका रविवारी तिने 'ओसू' सांगितले. त्याच गावातले, त्याच रंगाचे, तीच भाषा बोलणारे. पण कधीकाळी त्यांच्या आज्या-पणज्याला कोणी देवाला वाहिलेलं. झालं, पुढच्या सगळ्या पिढ्या वेगळ्या. त्यांच्याशी कोणी लग्न करायचं नाही, पंचायतीत जागा नाही, राहायचं बाजूला. अन् पाद्री आला तेव्हा त्याच्या दारात पहिल्यांदा कोण गेलं? हेच.

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "मित्रा, हे तर आपलेच लोक निघाले."

तिने तिथेच वही काढली. तिच्या पीएचडीचा मुद्दा तोच झाला: गाव मोडलं म्हणून सगळे रडले की काही जण गावातून सुटले? म्हणजे अर्धी डॉक्टरेट माझी, हे मी सगळ्यांना सांगतो. ती मात्र म्हणते, "दादा, तू त्या दिवशी फक्त विचारलं होतंस की ते यॅम शिजवायचे कसे." खोटं आहे. तेही विचारलं होतं, पण नंतर.

आता एवढी शिकलेली पोरगी, तिला काय मिळालं? एका कॉलेजात संध्याकाळचा वर्ग. दर सेमिस्टरला "पुढच्या वेळी सांगू." विद्यापीठातला तिचा गाइड फार सज्जन होता, झाडाला पाणी घालताना झाडाची परवानगी घेणारा. तो म्हणाला, ओसूचा भाग जरा कमी कर, दुसऱ्यांच्या संस्कृतीबद्दल आपण जपून बोलावं. तिने तो भाग कमी करत करत दोन पानांवर आणला. ती दोन पानं मात्र सोडली नाहीत. कुठेही बोलायला गेली की भाषणाच्या शेवटी तीच. अन् दरवेळी कोणीतरी घड्याळ दाखवायचं.

इथे मनोहरराव गोष्टीत येतात. मनोहरराव म्हणजे पुण्याचे, आयुष्यभर सॉफ्टवेअरमध्ये, आता रिटायर. लांबच्या सबर्बमध्ये एवढं मोठं घर की नवरा-बायको एकमेकांना फोन करून जेवायला बोलावतात. त्यांनी मराठी वाचनकट्टा काढलाय. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस जण जमतात, एक बोलतो अन् बाकीचे बटाटेवड्याची वाट बघतात. हॉलचं भाडं वाढलं तेव्हा मनोहररावांना माझ्या खाणावळीची मागची खोली एकदम 'होमली' वाटायला लागली. मी म्हटलं, खोली फुकट घ्या, पण एक कार्यक्रम माझ्या बहिणीचा. ते म्हणाले, "अरे वा, आफ्रिका! छान विषय आहे. काहीतरी वेगळं."

हा माणूस मला चार वर्षं ओळखतो. पहिल्या दिवशी विचारलं, मूळ गाव? मग, गावात कुठल्या भागात? मग, वडील काय करायचे? समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बाजूला बुद्ध. डोळ्याचा नंबर वाढला की काय म्हणून मी फोटोवरचा लाइट लावला. तरी विचारतच होते.

कार्यक्रमाच्या आधी त्यांनी मित्राकडून भाषण मागवून घेतलं. मग खाणावळीत आले, रस्सा मागवला, दही मागवलं, अन् तिला समोर बसवलं.

"संघमित्रा, फार सुंदर लिहिलंयस हं. आपली गावंसुद्धा अगदी अशीच होती. इंग्रजांनी येऊन वाट लावली. फक्त शेवटची दोन पानं..."

"काय काका?"

"ते ओसू वगैरे. अन् त्याच्यानंतर तू एकदम आपल्याकडे उडी मारतेस, की आपल्याकडेही इंग्रजांच्या पलटणीत आणि शाळेत पहिल्यांदा कोण गेलं. कशाला? मूड बदलतो. लोक संध्याकाळी आनंद घ्यायला येतात. शिवाय आता कुठे राहिलंय ते?"

मित्राने त्यांची दह्याची वाटी उचलून आत नेली. ते गेल्यावर मी म्हटलं, "काहून गप्प बसलीस?"

"सोडून देते दादा ती दोन पानं."

"का म्हणून?"

"थकले. तिकडे गाइड म्हणतो दुसऱ्यांचं आहे, बोलू नको. इकडे काका म्हणतात आपलं आहे, बोलू नको."

मला रात्रभर राग. दुसऱ्यांचं बोलायचं नाही, आपलं बोलायचं नाही, मग पोरीने काय चंद्रावरचं बोलायचं? पण मोठ्या भावाने ओढून काढलेलं भाषण काय कामाचं. मी फक्त एवढं केलं की अग्बो साहेबांना आमंत्रण दिलं.

अग्बो साहेब माझे सगळ्यात आवडते गिऱ्हाईक. स्वतः इग्बो, पूर्वी औषधाचं दुकान होतं, आता शिकागोतल्या त्यांच्या मंडळातले मोठे मानकरी. डोक्यावर लाल टोपी. ती टोपी कोणालाही घालता येत नाही म्हणे. माझ्या रश्श्यावर अजून मिरची मागणारा अख्ख्या इलिनॉयमध्ये हा एकच माणूस. मित्राला तर लेक मानतात. मला वाटलं, साक्षात इग्बो माणूसच तिच्या बाजूने उभा राहिला तर मनोहरराव काय करतील?

बघा काय झालं ते.

कार्यक्रमाच्या दिवशी खोली भरली. अग्बो साहेब आले, पांढरा झगा, लाल टोपी, हातात कागदाची पुडी. मनोहररावांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं अन् सवयीने विचारलं, "मूळ गाव कुठलं?" अग्बो साहेबांनी सांगितलं. "गावात कुठल्या बाजूला?" अग्बो साहेब खूश. म्हणाले, "तुम्ही बरोबर प्रश्न विचारता! आमच्यातही असंच विचारतात. माणूस कोणाचा, हे त्यावरून कळतं." मग त्यांनी मनोहररावांना त्यांचं विचारलं. दोघांची अशी जमली की मी पाण्याचा जग घेऊन उभाच राहिलो.

मनोहरराव इंग्रजीत म्हणाले, "आमची गावं तुमच्यासारखीच. सगळे गुण्यागोविंदाने. प्रत्येकाचं काम ठरलेलं."

"अगदी! प्रत्येकाला आपली जागा माहीत होती."

"आता आमची संघमित्रा शेवटी थोडं ते ओसूवर बोलणार होती, पण मी म्हटलं..."

अग्बो साहेबांनी हात हलवला. "ते आता राहिलं नाही. जुन्या गोष्टी. बाहेरच्या लोकांसमोर कशाला?"

"मीसुद्धा हेच म्हटलं!"

अन् दोघांनी हात मिळवले. घ्या! एक आफ्रिकेचा, एक पुण्याचा, दोघांच्या मध्ये अख्खा समुद्र, अन् वाक्य एकच. मी माणूस बोलावला बहिणीच्या बाजूने, तो जाऊन बसला मनोहररावांच्या मांडीला मांडी लावून. मित्रा माइकजवळ उभी होती, तिने सगळं ऐकलं. भाषणाच्या गठ्ठ्यातून शेवटचे दोन कागद काढले अन् उलटे करून टेबलावर ठेवले.

मग अग्बो साहेब उठले. म्हणाले, "आमच्यात कोलाशिवाय सभा सुरू होत नाही."

मागून एकजण म्हणाला, "पेप्सी चालेल का, काका?" सगळे हसले. अग्बो साहेबांनी पुडी उघडली. आत लालसर, गुळगुळीत बिया, आवळ्यापेक्षा जरा मोठ्या. हाच खरा कोला. त्यांनी समजावून सांगितलं: घरधन्याने कोला पुढे करायचा, पाहुण्यांनी हातोहात बघायचा, फिरून तो परत घरधन्याकडे यायचा. मग कोण आशीर्वाद देणार, कोण फोडणार, ते घरधनी सांगणार. फोडल्यावर एकेक तुकडा सगळ्यांनी खायचा. न खाणं किंवा थुंकणं म्हणजे घरधन्याच्या तोंडावर थुंकणं. "तुमच्याकडे कोला नसणार, म्हणून मीच आणला," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

मनोहररावांनी दोन्ही हात ओंजळीसारखे केले. अध्यक्ष ना!

अग्बो साहेबांनी हात मागे घेतला. "हे घर तुमचं आहे?"

"नाही, म्हणजे कट्टा माझा..."

"चूल कोणाची आहे?"

आतून रश्श्याचा वास येत होता, त्याने उत्तर दिलं. अग्बो साहेब मला म्हणाले, "माय फ्रेंड ईश्वर, इकडे या."

मी ॲप्रनला हात पुसून गेलो. ताटलीत कोला ठेवला, सगळ्यांसमोरून फिरवला. कोणी वास घेतला, कोणी फोटो काढला. फिरून माझ्याकडे आला. मी म्हटलं, "आशीर्वाद तुम्हीच द्या, साहेब. तुम्ही इथे सगळ्यात मोठे."

ते खूश झाले. त्यांनी त्यांच्या भाषेत मोठी प्रार्थना म्हटली. मग म्हणाले, "कोलाला फक्त इग्बो कळतं, इंग्रजी कळत नाही."

मी म्हटलं, "बरं आहे. आमच्या पोरांना फक्त इंग्रजी कळतं."

"आता फोडणार कोण? आमच्यात हे काम धाकट्याचं."

"मग तर सोपं आहे," मी म्हटलं अन् ताटली मित्रासमोर धरली. "आमच्या घरातली धाकटी ही."

अग्बो साहेबांचा चेहरा बदलला. "नाही नाही. बाईमाणूस कोला फोडत नाही."

मनोहरराव लगेच मदतीला. "ईश्वर, त्यांची परंपरा आहे, आपण रिस्पेक्ट केला पाहिजे. द्या इकडे."

मी ताटली हलवली नाही. मी माझ्या बहिणीकडे बघत होतो. ती कोलाकडे बघत होती. अन् मला तिच्या चेहऱ्यावर ती फ्रॉकमधली पोरगी दिसली, रुसून झोपायच्या आधीची.

"सर," ती अग्बो साहेबांना म्हणाली, अगदी हळू, "बाई फोडत नाही. अजून कोण फोडत नाही?"

त्यांनी झग्याची बाही सारखी केली.

"ओसू घरचा माणूस फोडतो का?"

"पूर्वी... नाही."

"आता?"

"आता ते राहिलं नाही, मी म्हटलं ना."

"मग पुढच्या महिन्यात तुमच्या मंडळाच्या सभेत त्यांच्यातल्या एकाने फोडला, तर तुम्ही खाल?"

अग्बो साहेबांनी टोपी काढली. डोक्यावरून हात फिरवला. टोपी परत घातली. माणूस तसा खरा. खोटं बोलायला त्यांना एक सेकंद पुरला असता, त्यांनी तो वापरला नाही. खाली बघून म्हणाले, "मला माहीत नाही. माझ्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा डॉक्टर. आम्ही गावाकडे चौकशी केली. मग पुढे गेलो नाही."

मनोहरराव छताकडे बघायला लागले. छताला मी गेल्याच वर्षी रंग दिलाय, बघण्यासारखं आहे.

मित्राने ताटलीतून कोला उचलला. कोणाला विचारलं नाही. दोन्ही अंगठे लावून दाबला, फुटेना. मी अडकित्ता आणायला निघालो, आमचा हात सुपारीवर बसलेला. ती म्हणाली, "दादा, थांब." अन् पुन्हा दाबला. टक् करून फुटला.

अग्बो साहेब हलले नाहीत. पण माणसाच्या डोळ्यांची सवय कुठे जाते? त्यांनी पाकळ्या मोजल्या. चार. चार पाकळ्यांचा कोला म्हणजे त्यांच्यात शुभ. त्यांनी फक्त हात पुढे केला. मित्राने पहिला तुकडा त्यांना दिला. तो हातात धरून त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तोंडात टाकला अन् चावला.

झालं! मानकऱ्याने खाल्ला म्हटल्यावर आता सुटका कोणाची? मी पुडीतले बाकीचे कोले तिच्यासमोर ओतले. तिने फोडले, मी रांगेने वाटले. मनोहरराव म्हणाले, "मला ॲसिडिटी..." अग्बो साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ॲसिडिटी तिथल्या तिथे बरी झाली. घेतला तुकडा, टाकला तोंडात.

आता कोलाची चव मी सांगतो. कारल्याने कडुलिंबाशी लग्न केलं तर जो पोरगा होईल, तो. गिळता येत नाही, कठीण. थुंकता येत नाही, सांगितलंय तसं. चावत बसायचं. अख्खा वाचनकट्टा, बोलण्यात एरवी कोणाला ऐकत नाही, तोंडं मिटून चावत बसला. असा शांत कार्यक्रम या कट्ट्याच्या नशिबात पहिल्यांदा आला.

मित्राने टेबलावरचे दोन कागद उचलले. सुलटे केले. बाकीची पानं राहू दिली अन् शेवटचीच आधी वाचायला घेतली, एक वाक्य मराठीत, तेच अग्बो साहेबांसाठी इंग्रजीत.

"गाव मोडलं, असं सगळ्या कादंबऱ्या सांगतात," ती वाचत होती, "मला विचारायचंय की ते मोडत असताना बाहेर उभं राहून कोण बघत होतं, अन् त्यांची नावं काय होती."

मनोहररावांनी हात वर केला. घड्याळाकडे बोट. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत एवढा मोठा तुकडा, शब्दाला वाटच नाही. "अं, अं" एवढंच.

शेजारी सुनेत्राकाकू, त्यांची बायको. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून "दही आहे का?" याच्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा वर गेलेला हात धरून खाली मांडीवर ठेवला.

"तुम्ही चावा," त्या म्हणाल्या. "तिचं होऊ दे."

अन् तिचं झालं. पहिलं पान, मग दुसरं, ओसूवरचं, मग आपल्यावरचं, कामठीचं नाव घेऊन, बापाचं नाव घेऊन. अग्बो साहेब डोळे मिटून ऐकत होते, जबडा हळूहळू हलत होता. मी मागे दाराला टेकून उभा, तोंडात माझाही तुकडा. जिभेपासून कानापर्यंत कडू झालं होतं. पण ईश्वरचं तोंड वाकडं झालेलं डेव्हनवर आजपर्यंत कोणी बघितलेलं नाही, अन् माझ्या बहिणीच्या कार्यक्रमात तर मुळीच नाही.